चार इंची ग्राइंडर: चाक निवडण्यापासून कार्बन बदलण्यापर्यंत

फॅब्रिकेशनच्या दुकानात, गॅरेजमध्ये, शेतावरच्या शेडमध्ये आणि हल्ली हौशी माणसाच्या घरातही चार इंची अँगल ग्राइंडर असतोच. बटण पुढे सरकवलं की तो चालतो, त्यामुळे शिकण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटत नाही. नेमकं चुकतं ते क्रमात. टॉप (वायरच्या टोकाचा प्लग) आधी सॉकेटमध्ये जातो आणि चाक नंतर बदललं जातं. कट सुरू होतो आणि मग पाईपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी शोधलं जातं. जळका वास आला की मग कार्बनची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या ब्रशची, आठवण होते.

म्हणून खालचे टप्पे लिहिलेत त्याच क्रमाने करा. टॉप सॉकेटमध्ये जातो तो सातव्या टप्प्यात, त्याआधी नाही. ड्रिल आणि मार्बल कटरलाही यातलं बरंचसं लागू पडतं. फरक आहे तिथे तसं म्हटलं आहे.

## १. मशीनवरची पाटी वाचा

गिअरच्या डोक्यावर किंवा अंगावर एक पाटी असते. तिच्यावरच्या तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे. चार इंची ग्राइंडरचा बिनलोडचा, म्हणजे मोकळं फिरतानाचा, वेग साधारण ११,००० ते १२,००० असतो. ११,००० आरपीएमला १०० मिमीच्या चाकाची कड ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने फिरते. चाकाचा तुकडा उडाला तर तो ह्याच वेगाने येतो.

दुसरी, वॅट. बहुतेक चार इंची मशीनं ६०० ते ८५० वॅटची असतात. ८५० वॅट म्हणजे २३० व्होल्टला पावणेचार अँपिअरच्या आसपास. मार्बल कटर १,२०० वॅटच्या पुढे जातो, त्याला १६ अँपिअरचं सॉकेट द्या.

तिसरी, चौकोनात चौकोन असलेलं चिन्ह. ते असेल तर मशीन दुहेरी इन्सुलेशनचं आहे आणि त्याला अर्थिंगची वायर लागत नाही. टू पिन टॉप बरोबर आहे. चिन्ह नसेल तर मशीनला थ्री पिन टॉप आणि खरंखुरं अर्थिंग हवं. जुन्या बेंच ग्राइंडरमध्ये आणि मोठ्या चॉप सॉमध्ये हा फरक विसरला जातो. थ्री पिन टॉपची जाड पिन कापून तो टू पिन बोर्डात बसवलेला दिसला, तर ते मशीन टॉप बदलेपर्यंत बाजूला ठेवा.

## २. वीज आणि वायर

सॉकेटमध्ये नागड्या वायरी घालून वर काडी खोचायची पद्धत अजून गेलेली नाही. ती शॉकमुळे धोक्याची आहेच, शिवाय सैल जोडणीत ठिणग्या पडून मशीनला तुटक वीज जाते आणि बटण व कार्बन दोन्ही लवकर जातात. टॉप लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

एक्स्टेन्शनची वायर तांब्याची आणि १.५ चौरस मिमीची घ्या. रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता आतच कोंडते आणि इन्सुलेशन मऊ पडतं. कामाच्या नादात हे लक्षात येत नाही, कारण रीळ आपल्यापासून लांब पडलेलं असतं.

ज्या सर्किटवर काम करणार त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळतोय हे कळताच वीज तोडणारा स्विच) आहे का पाहा. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी जास्त करंट ओढला की पडतो, तो वायर वाचवतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याला कळतही नाही. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का, हे काम सुरू करण्याआधी बघून घ्या.

शेतावर किंवा वाडीच्या टोकाला व्होल्टेज कमी असतं. तिथे ग्राइंडर जळण्याचं कारण साधं आहे. व्होल्टेज पडलं की वेग पडतो, वेग पडला की माणूस दाबतो, दाबलं की मोटर जास्त करंट ओढते. मोटरला गार करणारा पंखा त्याच दांड्यावर असतो, म्हणजे तोही मंदावलेला. जास्त उष्णता आणि कमी हवा एकत्र आली की आर्मेचरचं (मोटरच्या फिरत्या भागाचं) वार्निश जळतं. दिवे पिवळे पडले असतील तर दाबून काम पुढे रेटू नका, थांबा.

तपासा: वायर सबंध लांबी हातातून ओढून बघा. मशीनमध्ये शिरते तिथल्या रबरी नळीजवळ ती सगळ्यात आधी तुटते. मागच्या कामात तिथे वाकल्यावर मशीन चालू-बंद झालं असेल तर आतली तार तुटली आहे. टेप गुंडाळणं हा त्यावरचा उपाय नव्हे. तेवढा तुकडा कापून टाकून वायर नव्याने जोडून घ्या.

## ३. चाक निवडा

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ह्या टप्प्यावर, आणि त्या दुकानाच्या काउंटरवरच होतात. "चार इंची चाक द्या" एवढं सांगून भागत नाही. चाकाचा प्रकार, जाडी, भोक आणि आरपीएम सांगावं लागतं.

कटिंग व्हील पातळ असतं, १ ते २.५ मिमी. ते फक्त कडेने कापतं. ग्राइंडिंग व्हील ६ मिमीच्या आसपास जाड आणि मध्ये खोलगट असतं, ते घासण्यासाठी. वेल्डिंगचा फुगवटा कटिंग व्हीलच्या पोटाने घासायची सवय बऱ्याच दुकानांत आहे, कारण चाक बदलायचा कंटाळा येतो. पातळ चाकाला आडवा जोर सोसत नाही. त्याच्या आतली काचेच्या धाग्याची जाळी प्रत्येक वेळी थोडी तुटते, वरून काही दिसत नाही, आणि पुढच्या एखाद्या सरळ कटात ते फुटतं. फोडणारा वेगळा आणि लागणारा वेगळा, असंही त्यामुळे होतं.

आरपीएमचा नियम एकच: चाकावर छापलेला आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा जास्त हवा. १०० मिमीच्या चांगल्या चाकावर १५,३०० किंवा त्याच्या जवळचा आकडा आणि ८० मीटर प्रतिसेकंद ही मर्यादा असते. १२५ मिमीच्या चाकावर तोच आकडा १२,२५० च्या आसपास येतो, १८० मिमीच्या म्हणजे सात इंचीवर ८,५०० च्या आसपास. आता सात इंची मशीनवर झिजून लहान झालेलं चाक "अजून जीव आहे" म्हणून चार इंचीला लावलं तर ८,५०० चं चाक ११,००० ला फिरणार. शिवाय भोक जुळत नाही. चार इंचीचं भोक १६ मिमी, पाच आणि सात इंचीचं २२.२३ मिमी. मध्ये वायसर किंवा टेप भरून बसवलेलं चाक केंद्रात येत नाही, थरथरतं आणि त्या थरथरीतच त्याला तडा जातो.

सावधान: लाकूड कापायचं दातेरी ब्लेड चार इंची ग्राइंडरला लावू नका. बाजारात ते मिळतं, आरपीएमही जुळतो, तरीही नाही. दात लाकडात अडकला की मशीन हातातून उसळतं. ह्या मशीनचं गार्ड (चाकावरचं संरक्षक कव्हर) आणि मूठ तो झटका रोखायला बनवलेलीच नाही. साखळीचे दात असलेली चकती त्याहून वाईट. लाकडाला सर्क्युलर सॉ किंवा जिगसॉ वापरा.

टाइल, ग्रॅनाइट, कडप्प्याला डायमंड ब्लेड. ते ग्राइंडरवर कोरडंच चालवायचं. एकाने कापायचं आणि दुसऱ्याने बाटलीने पाणी ओतायचं, हा प्रकार साइटवर सर्रास दिसतो. हवेच्या जाळीतून ते पाणी थेट मोटरमध्ये जातं. पाण्याने कापायचं असेल तर पाण्याची नळी जोडायची सोय असलेलं मशीन घ्या आणि तेही आरसीसीबीवरच चालवा.

तपासा: चाक उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघा. कडेला टवका, तडा, ओलीचा डाग असेल तर फेकून द्या. मधल्या पत्र्याच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि वर्ष ठोकलेलं असेल तर तेही वाचा. खाली पडलेलं चाक वरून धडधाकट दिसलं तरी पुन्हा वापरायचं नाही. टाकून देताना त्याचे दोन तुकडे करा, नाहीतर कोणीतरी ते उचलून लावतोच.

## ४. अंगावर काय, भोवती काय

डोळ्यांना बाजूने बंद असलेला गॉगल, आणि कापत असाल तर त्यावर तोंडभर येणारी पारदर्शक फेस शील्ड. नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. कण बाजूने शिरतो. कानांना मफ किंवा प्लग. दगड, टाइल, काँक्रीट कापताना एन-९५ मास्क हवाच, कारण त्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात बसते ती निघत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ती बारीक धूळ अडवत नाही.

गळ्यातला गमछा, ओढणी, सैल बाही, मनगटावरचा धागा, कडं, लांब मंगळसूत्र: हे सगळं काढा किंवा आत खोचा. हातमोजे घालायचे तर अंगासरशी बसणारे चामड्याचे. विणलेले सुती मोजे नकोत. त्यांचा एक धागा चाकात गेला तर बोटही मागोमाग जातं. ड्रिल चालवताना तर मोजे घालूच नका, फिरणारा बिट मोजा गुंडाळून घेतो. पायात बंद बूट. स्लिपर घालून पायाखाली पाईप दाबून कापणारे रोज दिसतात. त्याबद्दल सहाव्या टप्प्यात.

भोवती तीन-चार मीटर मोकळं करा. ठिणग्या वाटतात त्याहून लांब जातात आणि बंद शटरच्या फटीतूनही बाहेर जातात. थिनरचा डबा, रंग, पेट्रोलची बाटली, लाकडाचा भुसा, जुनी पोती, गाद्यांचा फोम, उभी असलेली मोटरसायकल, गॅसचा सिलिंडर हे सगळं आधी हलवा. शेजाऱ्याच्या गाडीची काच विसरू नका. गरम कण काचेत रुततात, ते पुसून जात नाहीत.

सावधान: बंद ड्रम, डिझेलची टाकी, रंगाचा रिकामा डबा कापू नका. "रिकामा आहे" ह्यावर जाऊ नका, आतली वाफ पेट घेते आणि द्रव भरलेला नसतो म्हणून तिला जागाही भरपूर मिळते.

## ५. चाक बसवा

टॉप बाहेर आहे ना, हे डोळ्यांनी बघा. "बटण बंद आहे" हे पुरेसं नाही.

मशीन आडवं ठेवा. गार्ड बसलेलं आहे आणि त्याची बंद बाजू तुमच्याकडे आहे, हे पाहा. गार्ड काढल्याशिवाय चाक बसत नसेल तर चाक चुकीचं आहे. गार्डचा स्क्रू किंवा खटका घट्ट करा.

स्पिंडलवर, म्हणजे चाक बसतं त्या दांड्यावर, आतली फ्लँज (चाकाला मागून टेकणारी चकती) बसवा. तिच्या मागच्या बाजूला खाच असते, ती दांड्याच्या सपाट कडांवर अडकली पाहिजे. अडकली नाही तर फ्लँज नुसती फिरते आणि चाक घट्ट होत नाही. फ्लँजवरचा धातूचा भुगा कापडाने पुसा. तिथे अडकलेला एक कणही चाक तिरकं बसवतो.

मग चाक, मग बाहेरचा नट. हा नट उलटसुलट बसतो आणि इथेच गोची होते. त्याच्या एका बाजूला थोडा उंचवटा असतो, दुसरी बाजू सपाट. जाड ग्राइंडिंग व्हीलला उंचवटा चाकाच्या दिशेने, म्हणजे भोकात. पातळ कटिंग व्हीलला उंचवटा बाहेरच्या दिशेने आणि सपाट बाजू चाकावर. पातळ चाकाला उंचवट्याची बाजू लावली तर नट आतल्या फ्लँजवर टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण चाक मोकळंच राहतं. चालू केल्यावर ते घसरायला लागतं आणि "चाक कापत नाही" अशी तक्रार येते.

स्पिंडल लॉकचं बटण दाबून दोन पिनांच्या पान्याने नट आवळा. पाना नसेल तर हातोडी आणि छिन्नीने ठोकू नका. नटाची भोकं खराब होतात आणि पातळ चाकाला धक्का बसतो. पाना स्वस्तात मिळतो, तो वायरला दोरीने बांधून ठेवा. पाना हरवला म्हणून चाक न बदलणारे फार.

साइड हँडल लावा. डाव्या हाताने काम करत असाल तर दुसऱ्या बाजूच्या भोकात लावा. ते खोक्यात ठेवण्यासाठी दिलेलं नाही.

तपासा: चाक हाताने दोन फेरे फिरवा. गार्डला घासतं का? डगमगतं का? स्पिंडल लॉक मोकळं झालं का? पाना काढला का? ड्रिलच्या बाबतीत हाच प्रश्न चकच्या चावीबद्दल विचारा.

## ६. माल बांधा

एका हातात पाईप आणि दुसऱ्या हातात ग्राइंडर, किंवा पायाखाली अँगल दाबून कट, ह्या दोन सवयी ज्यांना सुटत नाहीत त्यांनी बाकीचे टप्पे वाचून फारसा उपयोग नाही. मशीनला दोन्ही हात लागतात. म्हणजे माल धरायला हात उरतच नाही. तो व्हाइसमध्ये किंवा सी क्लॅम्पने टेबलाला बांधायचा.

कसा बांधायचा, हे कापण्याइतकंच महत्त्वाचं आहे. लांब पाईप दोन टोकांना विटांवर ठेवून मध्ये कापला तर कट खोल जाईल तसा पाईप मध्ये खाली वाकतो. कटाची वरची फट मिटते आणि चाक तिच्यात चिमटलं जातं. ११,००० आरपीएमने फिरणारं चाक एकदम अडकलं की तो सगळा जोर मशीनला उलट ढकलतो. चाक फुटतं किंवा मशीन तुमच्याकडे उसळतं, कधी दोन्ही होतं.

त्यावर उपाय असा: कापून पडणारा तुकडा आधाराच्या बाहेर लोंबता ठेवा. कट पूर्ण होत येईल तशी फट उघडत जाते, मिटत नाही. तुकडा जड असेल तर तो दणकन पडू नये म्हणून त्याच्याखाली, किंचित अंतर सोडून, लाकडाची ठोकळी ठेवा. पत्रा मोठा असेल तर कटाच्या जवळच दोन्ही बाजूंना आधार द्या.

## ७. चालू करा आणि कापा

बटण बंद स्थितीत आहे हे बघा, मगच टॉप लावा. सरकवून अडकणारं बटण असलेल्या मशीनमध्ये हे फार महत्त्वाचं आहे. काम चालू असताना भारनियमनात वीज जाते, माणूस मशीन तसंच खाली ठेवून चहाला जातो, बटण अडकलेलंच. वीज आली की मशीन जमिनीवर नाचायला लागतं. वीज गेली की पहिलं काम बटण मागे ओढायचं, दुसरं टॉप काढायचं.

नवीन चाक असेल तर कोणाच्याही दिशेने नाही अशा बाजूला धरून एक मिनिट बिनलोड चालवा. चाकाच्या रेषेत स्वतः उभं राहू नका. थरथर वाढली, आवाज बदलला तर बंद करून टॉप काढा आणि पाचव्या टप्प्यावर परत जा.

आता एक कट सबंध बघू. खिडकीच्या ग्रिलसाठी २५ मिमीचा चौकोनी पाईप कापायचा आहे. खडूने चारही बाजूंना खूण फिरवून घ्या, नुसती वर नको. पाईप व्हाइसमध्ये बांधा, तुकडा बाहेर. मशीन मालापासून दूर धरून चालू करा, पूर्ण वेग येऊ द्या, मग चाक खुणेवर टेकवा. टेकवून ठेवून चालू करायचं नाही. चाक मालाला काटकोनात. वरची भिंत कापली की थांबा, पाईप फिरवा, दुसरी भिंत. अशा चार भिंती. वरून खालपर्यंत एका दमात दाबत नेलं तर चाक पाईपच्या पोटात खोल बुडतं, दोन्ही बाजूंच्या भिंती त्याला घासतात आणि कट तिरका जातो. तिरका गेलेला कट सरळ करायला माणूस मशीन पिळतो. पातळ चाक फुटतं ते बहुतेक ह्याच क्षणी.

दिशा ओळखायची खूण हातातच आहे. मशीन सरकवताना चाक त्याला मागे रेटत असेल तर दिशा बरोबर. चाक मशीनला पुढे ओढून नेत असेल, तर तुम्ही उलटे जाताय; ते कधीही कटातून बाहेर पळेल. गिअरच्या डोक्यावर फिरण्याचा बाण असतो, सुरुवातीला तो बघून ठरवा.

जोर किती लावायचा? आवाजावरून ठरवा. बिनलोडचा सूर थोडा खाली यायला हवा, घोगरा व्हायला नको. घोगरा झाला म्हणजे वेग पडला आणि दुसऱ्या टप्प्यातली जळण्याची साखळी सुरू झाली. चाक झिजू दे, मशीन नको.

घासताना ग्राइंडिंग व्हील १५ ते ३० अंशांत तिरकं धरा आणि एका जागी थांबवू नका. वायरचा कप ब्रश लावला असेल तर त्याच्या तारा सुटून उडतात आणि कपड्यातून आरपार जातात. त्यासाठी जाड एप्रन आणि फेस शील्ड दोन्ही.

सावधान: डोळ्यात कण गेला तर चोळू नका, आणि दुकानातल्या "कण काढणाऱ्या" मित्राकडून काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढून घेऊ नका. लोखंडाचा कण बुबुळावर काही तासांत गंज सोडतो. सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कोणाला शॉक बसून तो चिकटला असेल तर त्याला हात लावायच्या आधी मेन बंद करा, मग १०८ ला फोन.

## ८. बंद करा

मालातून चाक बाहेर काढा, मग बटण बंद करा. जड काम झालं असेल तर लगेच बंद न करता एखादं मिनिट बिनलोड फिरू द्या. पंख्याची हवा मोटर गार करते. बटण बंद केल्यावरही चाक काही सेकंद फिरत राहतं. तेवढ्यात ते जमिनीवर टेकवू नका आणि थांबवायला स्पिंडल लॉक दाबू नका. फिरत्या दांड्यावर लॉक दाबलं की त्याची पिन किंवा गिअरचं डोकं तुटतं. "लॉक चालत नाही" म्हणून येणाऱ्या मशीनचं हेच कारण असतं.

टॉप काढा. वायर धरून ओढू नका, टॉप धरून काढा. मशीन वायरला लटकवून नेऊ नका.

निघण्यापूर्वी अर्धा तास तिथेच राहा किंवा परत येऊन बघा. भुशात किंवा पोत्यात पडलेली ठिणगी लगेच धूर देत नाही.

## ९. देखभाल

रोजची देखभाल म्हणजे हवेच्या जाळ्या. टॉप काढून, गॉगल लावून, कोरड्या हवेने किंवा ब्रशने त्या साफ करा. लोखंडाचा भुगा वीजवाहक असतो. आत साठला की कार्बन होल्डरपासून बॉडीपर्यंत त्याचा रस्ता तयार होतो आणि दुहेरी इन्सुलेशन असलेलं मशीनही झिणझिण्या देऊ लागतं. झिणझिण्या आल्या की "थोडा करंट लागतोय" म्हणून चालवत राहायचं नाही.

कार्बन हा खरा विषय आहे. दोन कार्बन असतात, स्प्रिंगने कम्यूटेटरवर (मोटरच्या दांड्यावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर) दाबलेले. जाळीतून बारीक निळसर ठिणग्या दिसणं नेहमीचं आहे. कम्यूटेटरभोवती केशरी आगीचं कडं दिसत असेल, मशीन मध्येच मंद होत असेल, ठोकल्यावर चालू होत असेल तर कार्बन बघा:

१. टॉप काढा.
२. दोन्ही बाजूंची झाकणं किंवा मागचं कव्हर उघडा. कार्बन कसा बसला होता त्याचा मोबाइलवर फोटो काढा.
३. लांबी मोजा. ५-६ मिमीच्या आसपास आला किंवा त्यावरच्या खुणेपर्यंत झिजला की बदला. एक झिजला असला तरी दोन्ही एकदम.
४. त्याच नंबरचे घ्या. जरा मोठा कार्बन कानशीने घासून बसवतात. तो होल्डरमध्ये अडकतो, स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नाही आणि ठिणग्या उडून कम्यूटेटर खराब होतो. नवा कार्बन होल्डरमध्ये बोटाने सहज मागेपुढे सरकला पाहिजे.
५. कव्हर बसवून काही मिनिटं बिनलोड चालवा, म्हणजे त्याचं तोंड गोलाईला बसेल.

काही मशिनांत कार्बन संपला की आतली पिन वर येऊन मशीन आपोआप बंद पडतं. ते जळालं समजून लोक भंगारात देतात. थोडक्या खर्चात काम होतं, आधी उघडून बघा.

कम्यूटेटर काळा पडला म्हणून त्यावर एमरी पेपर फिरवू नका. त्याचे कण पट्ट्यांच्या मधल्या फटीत बसतात. ते काम वाइंडिंगवाल्याचं.

गिअरचं ग्रीस दोनदा कार्बन बदलले की एकदा बदलावं, हा हिशेब सोपा पडतो. डोक्याचे चार स्क्रू काढा, जुनं काळं ग्रीस पुसा, कंपनीने सांगितलेलं नवीन भरा, पण ठासून नाही. पोकळी गच्च भरली तर ग्रीस तापून सीलमधून मोटरकडे सरकतं. डोकं हाताला चटका देत असेल तर ग्रीस कमी झालंय किंवा जास्त भरलंय, दोन्ही शक्य आहे.

वर्षातून एकदा सगळं उघडून बघायला खंडेनवमीचा दिवस बरा. नाहीतरी त्या दिवशी मशीनं पुसून मांडतातच; हळदकुंकू लावायच्या आधी वायर, कार्बन, गार्डचा स्क्रू बघून घ्या. फक्त कुंकवाची पूड आणि झेंडूच्या पाकळ्या हवेच्या जाळीत जाऊ देऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी चालू करण्याआधी माळ काढा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, चाकं भिंतीला टेकवून ठेवू नका. राळेने बांधलेलं चाक ओल शोषतं आणि त्याची ताकद कमी होते. कोरड्या डब्यात आडवी, एकावर एक ठेवा. मशीन भिजलं तर "उन्हात ठेवलं होतं" एवढ्यावर टॉप लावू नका. वाइंडिंगवाल्याकडून मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) इन्सुलेशन तपासून घ्या, मगच चालवा.

## १०. दुरुस्तीहून आल्यावर

आर्मेचर किंवा फील्ड (मोटरचं न फिरणारं वाइंडिंग) बदलून आलेलं मशीन घेताना दुकानातच बघायच्या गोष्टी: गार्ड, साइड हँडल आणि आतली फ्लँज परत मिळाली का (फ्लँज हरवते आणि तिच्या जागी साधा वायसर येतो), वायर रबरी नळीसकट पक्की बसवली का, बटण सोडल्यावर मागे येतं का. चाक न लावता दोन मिनिटं चालवून घ्या. गिअरमधून खरखर आली, कार्बनजवळ आगीचं कडं दिसलं किंवा बॉडीवर टेस्टर पेटला, तर मशीन तिथेच काउंटरवर ठेवा आणि पुन्हा उघडायला सांगा.